भोईरांच्या हौदावरचा फेस

ठाण्याच्या नौपाड्यातून निघून कल्याणच्या पलीकडच्या गावात जाण्याला प्रवास म्हणतात का, असं अरविंदने मला बॅग भरताना तीनदा विचारलं. अरविंद म्हणजे माझा नवरा. त्याच्या मते प्रवास म्हटला की निदान स्वेटर तरी लागतो. माझ्या बॅगेत होते गमबूट, टॉर्च, भिंग, छत्री आणि चकल्यांचा डबा.

"कुणी विचारलं तर काय सांगू?"

"बेडूक बघायला गेलीये म्हणून सांग."

"त्यापेक्षा भाचीकडे गेलीये सांगतो," तो म्हणाला. तेही खोटं नव्हतं.

तीन दिवसांचा हा प्रवास. मी जे बघून आले ते ठाणे-डोंबिवलीतल्या बहुतेकांच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर आहे, आणि तरी फारसं कुणी बघितलेलं नाही. मीही साठी उलटेपर्यंत बघितलं नव्हतं. म्हणून जरा छाती फुगवून लिहिणार आहे, आधीच सांगून ठेवते.

सुरुवात झाली विलासच्या फोटोपासून. विलास भोईर आणि मी एकाच ऑफिसात बावीस वर्षं शेजारशेजारच्या टेबलांवर काढली. रिटायर झाल्यावर मला बेडकांचं वेड लागलं. का, ते विचारू नका, काहीजणींना भजनाचं लागतं. पावसाळ्यात दिसेल त्या बेडकाचा फोटो काढून मी ऑफिसच्या जुन्या ग्रुपवर टाकायचे आणि लोक बिचारे मुकाट्याने अंगठा दाखवायचे. त्यामुळे श्रावणातल्या एका गुरुवारी सकाळी विलासने उलट मलाच फोटो पाठवला तेव्हा मी चाटच पडले. सिमेंटच्या हौदाची आतली भिंत, आणि पाण्याच्या वीतभर वर चिकटलेला पांढऱ्या फेसाचा मोसंब्याएवढा गोळा. खाली लिहिलेलं, "साठे मॅडम, हा साबणाचा फेस आहे का? नसेल तर काय आहे ते प्लीज सांगा. घरात फार वाईट चाललंय."

फेसावरून घरात वाईट? मी फोनच लावला.

भोईरांची दोन घरं एकाच अंगणात. एकात विलास आणि त्याची बायको मंदा, दुसऱ्यात त्याच्या थोरल्या भावाची बायको ताराबाई. भाऊ वारले, आता घरातली मोठी तीच. शेती गेली, जमिनीवर इमारती आल्या, पण ताराबाईंनी एक म्हैस हट्टाने ठेवलीय. अंगणाच्या मधोमध हौद, दोन्ही घरांचा, आणि म्हैस त्याच हौदाचं पाणी पिते. आषाढात हौदावर फेस दिसला आणि त्याच आठवड्यात म्हशीने वैरण सोडली. ताराबाईंनी दोन्हीचा मेळ घातला. मंदा हौदाजवळच्या दगडावर कपडे धुते, म्हणजे साबणाचं पाणी तिनेच हौदात टाकलं. मंदा म्हणाली, मी टाकलं नाही. ताराबाई म्हणाल्या, कबूल कर. मंदा म्हणाली, न केलेलं कबूल करणार नाही. म्हैस चार दिवसांत बरी झाली. बोलणं मात्र बंद झालं ते झालंच. त्यात फेस परत परत येत राहिला, त्यामुळे मंदा मुद्दाम करते हेही ताराबाईंच्या डोक्यात पक्कं बसलं.

"आता गणपती आलेत मॅडम," विलास म्हणाला. "आमचा एकच गणपती, वहिनीकडे बसतो. मंदा म्हणते, त्या उंबऱ्यात पाय ठेवणार नाही. वहिनी म्हणते, नको ठेवू. मूर्तीवाला म्हणतो, दुसरी मूर्ती हवी असेल तर रविवारपर्यंत सांगा, रंगकाम सुरू होतंय. आमच्यात दुसरी मूर्ती आली म्हणजे घर फुटलं, हे सगळ्या गावाला कळतं."

त्याचा आवाज भरून आला होता. बावीस वर्षांत ऑडिटच्या वेळीसुद्धा मी त्याचा असा आवाज ऐकला नव्हता.

फोटो मी लगेच मेघनाला पाठवला. मेघना माझ्या बहिणीची मुलगी, डोंबिवलीत राहते आणि कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. तिचा दोन मिनिटांत फोन. "मावशी, हे झाडबेडकाचं घरटं वाटतंय! मादी पाण्याच्या वर फेस घुसळते आणि त्यात अंडी घालते."

"मग झालं तर! कळवते विलासला."

"थांब गं. 'वाटतंय' म्हणून कुणाचं भांडण मिटतं का? त्या बाई म्हणतील, फोटोवरून काय कळतं. त्यांना बेडूक दाखवावा लागेल. आणि तू कधी झाडबेडूक बघितलायस का?"

नव्हता बघितला. तीनशे फोटो काढले, त्यात एक नाही. इथून प्रवास सुरू होतो.

शुक्रवार, येऊर

मेघनाने सुट्टी टाकली. "आधी येऊरच्या जंगलात जाऊन तुझा डोळा तयार करू," ती म्हणाली. "उद्या तिथे जाऊन भलतंच काहीतरी दाखवशील." भाचीने मावशीशी असं बोलायचं असतं का? पण बाई माझी गुरू ठरलेली, काय करता.

सकाळची वेळ. झाडबेडूक दिवसा झोपलेला असतो, हातपाय पोटाशी घेऊन, भिंतीला नाहीतर पानाला चिकटून. रंगही फिका पडतो. म्हणजे शोधायचं काय, तर न हलणारं, न ओरडणारं, मातीच्या रंगाचं काहीतरी. तासभर मी केळीचं प्रत्येक पान उलटून बघितलं. ठाण्यात घरी परतल्यावर लोक मला विचारतात की येऊरला बिबट्या दिसला का. मला त्या दिवशी गोगलगायी दिसल्या, नुसत्या गोगलगायी.

आणि मग दिसला! एका तुटक्या खोडावर, जमिनीपासून हातभर उंच, ऐटीत बसलेला. मी श्वास रोखला, खुणेने मेघनाला बोलावलं, आणि कुजबुजत म्हटलं, "झाडबेडूक!"

मेघनाने बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. "मावशी, हा भेक आहे. अंगावरच्या त्या चामखिळी बघ. झाडावर बसला म्हणून झाडबेडूक होत नाही."

"मग ठरवायचं कसं?"

"बोटं बघ. झाडबेडकाच्या प्रत्येक बोटाच्या टोकाला गोल चकती असते, टिकलीसारखी. त्याच्या जोरावर तो काचेवरही चढतो. आणि मांडीच्या मागच्या बाजूला काळपट जाळीत पिवळे ठिपके. टिकल्या आणि पिवळे ठिपके, एवढं पाठ कर."

मागून कोणीतरी खो खो हसलं. रस्त्याच्या कडेला कंटोळ्यांचा ढीग मांडून एक बाई बसल्या होत्या, सोनीबाई. आम्ही दोघी शहाण्या बायका खोडापुढे उकिडव्या बसून भेकाशी काय बोलतोय हे त्या केव्हापासून ऐकत होत्या. "बेडूक बघायला आलाव? ठाण्यावरून?" त्यांनी विचारलं. "चला, आमच्या घरी एक हाय. रोज तिथंच झोपतो."

सोनीबाईंचं घर पाड्यात, पाच मिनिटांवर. कंटोळी तशीच ठेवून आल्या. मी म्हटलं, कोणी घेऊन गेलं तर? त्या म्हणाल्या, "इथं कोन नेतंय?" आमच्याकडे सोसायटीत चपला बाहेर ठेवायची सोय नाही, आणि ही बाई भर रस्त्यात ढीग ठेवून निघाली.

अंगणात पाण्याचं निळं पिंप. सोनीबाईंनी झाकण अलगद उलटं केलं. आतल्या बाजूला, कडेला, फिकट तपकिरी रंगाचा एक गोळा चिकटलेला. कोणी चिखल फासलाय असंच वाटेल. मी वाकले. गोळ्याला डोळा होता, मिटत आलेला. पायांची घडी अशी की कुठे काय सुरू होतं ते कळू नये. आणि बोटांना, एकेका बोटाला, टिकली!

मी ओरडले. ओरडायला नको होतं, मान्य आहे. तो जागा झाला आणि त्याने उडी मारली ती थेट माझ्या चष्म्यावर. उजव्या काचेवर गार, ओला, चिकटून बसला. आयुष्यात इतक्या जवळून मी अरविंदलाही बघितलेलं नाही. मागचा पाय ताणलेला होता, आणि मांडीच्या मागे पिवळे ठिपके, अगदी शिस्तीत. मेघना हसून हसून जमिनीवर बसली होती. "मावशी, हलू नकोस, फोटो काढते!" सोनीबाई म्हणाल्या, "त्याला आवडलाव तुम्ही."

तो उतरून छपरात गेला. मी चष्मा दिवसभर पुसला नाही.

शनिवार, डोंबिवली

शुक्रवारी मुक्काम मेघनाकडे. ठाण्याची माणसं डोंबिवलीला नावं ठेवतात आणि डोंबिवलीची माणसं ठाण्याला, पण डोंबिवलीकर पोळीभाजी केंद्रांची बरोबरी करणं आमच्या नौपाड्याला जमलेलं नाही, हे मी इथे कबूल करते. तिथली वालाची उसळ खाऊन मेघनाने शनिवारी सकाळी माझी परीक्षा घेतली. फोनवर एक आवाज लावला. टक-टक-टक-टक. थांबला. परत टक-टक-टक.

"ओळख."

"हे काय ओळखायचं? पाल."

"नीट ऐक."

"अगं, जन्मभर ऐकतेय. आमच्या बाथरूममध्ये रोज असते. आजी सांगायची, पाल चुकचुकली की जमिनीवर बोटं टेकून कृष्ण कृष्ण म्हणावं."

मेघनाने दुसरा आवाज लावला. चुक-चुक-चुक, बारीक, ओला. ही खरी पाल. मग परत पहिला. टक-टक-टक, कोरडा, जसं कोणी दारावर बोटाच्या पेरांनी वाजवतंय. आता फरक कळला. पहिला आवाज झाडबेडकाचा होता. म्हणजे आमच्या नौपाड्याच्या बाथरूममध्ये इतकी वर्षं कोण होतं, याचा विचार करत मी चहा गार केला. किती वेळा कृष्ण कृष्ण म्हटलं असेन, देवालाच ठाऊक.

शनिवार दुपारनंतर, भोईरांकडे

गावाचं नाव लिहीत नाही. भांडण त्यांचं आहे, आणि गावात ते आधीच पुरेसं गाजलेलं आहे.

विलास नाक्यावर घ्यायला आला होता. आम्ही आधी त्याच्या घरी गेलो. मंदा उंच, शांत, डोळ्याला डोळा न भिडवणारी. ताटात तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, कंटोळ्याची भाजी. "श्रावन हाय, नायतर तुमाला कोलंबी खिलवली असती," ती म्हणाली. आमच्यात कोलंबी खात नाहीत हे मी सांगितलं नाही, तिचं बोलणं पहिल्यांदाच जरा मोकळं होत होतं. भाकरी पातळ आणि लुसलुशीत. मी चार खाल्ल्या. आमच्याकडे पोळ्या मोजून वाढतात, इथे मोजायला सुरुवात केली की यजमानीण रागावते.

जेवणानंतर मी विचारलं, "मंदा, कपडे कुठे धुतेस आता?"

"मोरीत. दार लावून." मग म्हणाली, "बाहेर बादली घेऊन निघाली की वाटतंय, खिरकीतून कोन बघतंय. दोन म्हयने साबनाला हात लावताना भीती वाटतेय मना. ताराताईनी मना लग्न करून आनली या घरात, बरोबरीनं सगला शिकवला. तिला वाटावं मी म्हशीला साबन पाजीन?"

ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. मी तिच्या हातावर हात ठेवला.

मग अंगण ओलांडून ताराबाईंकडे. विलासने आधीच सांगून ठेवलेलं, "मॅडम, तिकडेही जेवावं लागेल. नाही जेवलात तर तुम्ही मंदाच्या पार्टीत." चार भाकऱ्या पोटात असताना मी परत पाटावर बसले. ताराबाई सत्तरीच्या, ठेंगण्या, आवाज असा की नाक्यावर ऐकू जावा. त्यांनीही बिरडंच केलं होतं. अगदी तेच, त्याच हाताचं वाटावं असं. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या आणि दोन्ही घरांच्या सलोख्यासाठी एवढं कष्टाचं काम आजवर कोणी केलं नसेल असं मनात म्हटलं.

"ताराबाई, फेस बघू का?"

"बघा. ठेवलाय ना. आधीचे चार मी खराट्यानं घासून टाकलं. विलास बोलला, वयनी, यो रविवारपर्यंत रांव दे. मी बोलली, रांव दे, पुरावा हाय."

पुरावा! हौदाच्या आतल्या भिंतीवर, पाण्याच्या वीतभर वर तो गोळा होता. फोटोत शुभ्र होता, आता वरून पिवळसर, साय धरल्यासारखा. मेघनाने टॉर्च मारून बघितलं आणि हळूच माझा दंड दाबला. तिची खात्री पटली होती. पण ताराबाईंची?

"साबनाचा फेस मना कलत नाय?" ताराबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या. "पन्नास वरसं कपरे धुतलं मी."

"ताराबाई," मी म्हटलं, "साबणाचा फेस तासाभरात बसतो. हा गुरुवारपासून आहे."

"भारीतला साबन असल."

मेघना समजावायला लागली, मादी पाय मारून मारून फेस कसा काढते, अंडी त्यात कशी सुरक्षित राहतात. ताराबाईंनी ऐकून घेतलं, आणि मग शेवटचं हत्यार काढलं. "तुमी शिकलेल्या, तुमचा खरा असल. पन मी पयल्या दिवशी हितंच उभी होती. दिवेलागणीची वेल. मी बोलली, 'यो फेस मंदीनंच टाकलाय.' आनि लगेच पाल चुकचुकली. हितंच, हौदाच्या बाजूला. टक टक टक! मंग मना दुसरा कोनी कशाला सांगाया पाहिजे? पालीनं साक्ष दिली."

विलासने मान खाली घातली. त्याच्या घरात दोन महिने हाच निकाल चालू होता. आपल्याकडे बोलण्यावर पाल चुकचुकली की ते खरं, यापुढे वकील चालत नाही.

पण माझ्या डोक्यात एकदम लख्ख झालं. टक टक टक? चुक चुक नाही?

"ताराबाई, कसा आवाज होता? परत सांगा."

"टक टक टक. कडक."

मेघनाने आणि मी एकमेकींकडे बघितलं. बाहेर उजेड जाऊ लागला होता, तीच दिवेलागणीची वेळ. "जरा थांबू या का इथे?" मी म्हटलं. "पाल परत बोलेल."

ताराबाईंनी स्वतःच खुर्च्या मांडल्या. त्यांना वाटलं पाल त्यांच्या बाजूने बोलणार. मंदाच्या खिडकीचा पडदा जरासा हलला. आम्ही चौघं कान लावून बसलो. डास चावत होते. पोटात सात भाकऱ्या. आज तो गप्प बसला तर? उद्या रविवार, विलास मूर्तीवाल्याला काय सांगणार?

टक-टक-टक-टक.

"ऐका!" ताराबाई उठल्याच. "पाल!"

"कुठे आहे दाखवा," मी म्हटलं.

शोध सुरू झाला. भिंतीवर पाल नाही, छपराखाली पाल नाही. आवाज हौदाच्या मागून, पाण्याच्या मोटारीच्या पेटीतून येत होता. मेघना टॉर्च घेऊन निघाली, पण ताराबाईंनी तो तिच्या हातातून काढून घेतला. "माझे डोले अजून शाबूत हायेत." पेटीचं दार त्यांनीच उघडलं. प्रकाशात तो बसलेला, तपकिरी, चकचकीत, चारही पाय रोवून. आणि आमच्या डोळ्यांसमोर त्याच्या गळ्याखाली फुगा फुगला. टक-टक-टक!

ताराबाई बघतच राहिल्या. फुगा बसला. परत फुगला. टक-टक.

"बोटं बघा," मी सांगितलं. "प्रत्येकाच्या टोकाला टिकली. आता उडी मारेल तेव्हा मांडीच्या मागे बघा, पिवळे ठिपके असणार." त्याने मारलीच उडी, पेटीवरून हौदाच्या कडेवर, पाय लांब ताणून. पिवळे ठिपके! काल भेकाला झाडबेडूक म्हणणारी मी, आज बिनचूक बोलले होते. मेघनाने माझ्या पाठीवर थाप मारली.

"ताराबाई, त्या दिवशी पाल बोललीच नव्हती," मी म्हटलं. "ज्यांनी फेस केला त्यांच्यातलाच एक बोलत होता."

ताराबाई खुर्चीत बसल्या. मग हळू म्हणाल्या, "बेरूक बोलला ते खरा. मी बघितला. पन फेस त्यानी केला हे कोनी बघितलाय?"

वकील हरला असता. मी तर हरलेच. पण मेघना हसली. "बरोबर बोललात. उद्या सकाळी या हौदापाशी. तीन दिवस झालेत. पिल्लं आता खाली पडायची वेळ झालीय. पडली तर तुमच्या डोळ्यांसमोर पडतील."

रविवार

रात्री आम्ही विलासकडेच राहिलो. मी साडेसहाला उठून बाहेर आले तर ताराबाई हौदापाशी स्टूल टाकून बसलेल्या, डोक्यावर प्लॅस्टिकचा कागद. भुरभुर पाऊस होता. "कवापास्न बसलात?" असं मी त्यांच्याच बोलीत विचारलं, वाईट उच्चारात. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. डोळे फेसावर.

फेस खालून मऊ झाला होता, ओघळत होता. मेघना आली, विलास आला. विलासचा फोन वाजला, मूर्तीवाला. "दहा मिनिटांनी सांगतो," त्याने सांगितलं, आणि फोन शर्टाच्या खिशात ठेवला तो हात तिथेच राहिला.

टप.

एक थेंब पडला. पाण्यात पडल्यावर त्या थेंबाने शेपटी हलवली.

मग दुसरा. टप. मग दोन एकदम. फेसाच्या खालच्या टोकाशी बारीक बारीक काळसर पिल्लं वळवळत होती, एकमेकांना ढकलत, आणि सुटून पाण्यात पडत होती. पडली की पोहत. त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. पाऊस जरा वाढला तशी धारच लागली.

"अगो बाय!" ताराबाईंचा आवाज आता नाक्यावर गेला असेल. "पोरं हायेत गो! पोरं!" त्या स्टुलावरून उठल्या, वाकल्या, चेहरा पाण्याच्या इतका जवळ की मेघनाने त्यांचा दंड धरला. मी हसत होते, विलास हसत होता, मला वाटतं मी टाळ्यासुद्धा वाजवल्या. एवढा आनंद मला नोकरीत कायम झाल्यावरही झाला नव्हता.

मग ताराबाई सरळ झाल्या आणि त्यांचं हसू गेलं. "चार येला," त्या म्हणाल्या. "चार येला मी खराट्यानं घासला."

"तुम्हाला माहीत नव्हतं," मेघना म्हणाली.

"ती सांगत व्हती ना. मी नाय टाकला, सांगत व्हती."

त्यांनी हाक मारली, "मंदे! ए मंदे! बाहेर ये, बघ हितं काय हाय!"

आतून मंदाचा आवाज आला. "मना नाय बघायचा काय."

विलासने माझ्याकडे बघितलं. मी काय करणार? बेडूक ओळखणं माझं काम, पुढचं नाही. ताराबाईंनी डोक्यावरचा प्लॅस्टिकचा कागद काढून स्टुलावर ठेवला आणि अंगण ओलांडलं. दोन महिन्यांत पहिल्यांदा, विलासने नंतर सांगितलं. मंदाच्या उंबऱ्याशी उभ्या राहिल्या. आत गेल्या नाहीत.

"चुकला गो माझा," त्या म्हणाल्या. मोठ्याने, सगळ्या आळीला ऐकू जाईल असं. आरोप मोठ्याने केला होता, कबुलीही मोठ्याने दिली. "तू नाय टाकला. बेरकांनी केला. मी बघितला माझे डोल्यांनी."

दार उघडलं. मंदा रडत होती, आता एकदाची. "पाल काय बोलते मंग?" तिने विचारलं, नाक पुसत.

"पाल नवतीच गो ती. बेरूक व्हता मेला!"

दोघी हसल्या. विलासने वळून फोन लावला. "एकच," तो म्हणाला. "हो, एकच मूर्ती. दरवर्षीसारखी. आमच्या वयनीकडे." फोन ठेवून त्याने डोळे पुसले आणि मला उगाचच ऑफिसमधल्यासारखा नमस्कार केला.

आम्ही चहा पीत होतो तेव्हा ताराबाई घरात जाऊन एक भलं मोठं बोचकं घेऊन आल्या. गणपतीच्या मखराचे पडदे, लाल आणि केशरी, वर्षभर ट्रंकेत पडलेले. बोचकं त्यांनी हौदाशेजारच्या कपडे धुवायच्या दगडावर आदळलं. मग थांबल्या, हौदाकडे बघितलं, बोचकं परत उचललं आणि अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवलं.

"हितं धुवू," त्या म्हणाल्या. "तिकरं पोरं हायेत." पदर कमरेला खोचला आणि मंदाच्या दाराकडे बघून ओरडल्या, "मंदे, साबन आन गो!"